थोरलीचं नाक पांगाऱ्याचं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पॅटर्नचं दुकान आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवायला त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते, ती मी करतो. पंप, गिअरबॉक्स, इंजिनाचं हेड, असलं काय काय करण्यात सव्वीस वर्षं गेली. लाकूड, पॉलिश पेपर आणि कॅलिपर सोडून माझ्या हातात दुसरं फारसं काही नसतं. त्यामुळे गेल्या मे महिन्यात भाचा अमेरिकेहून आला आणि त्यानं बॅगेतून चपटा पुठ्ठ्याचा खोका काढून माझ्यापुढं ठेवला, तेव्हा तो माझ्याकडंच का आला हे मला लगेच कळलं.

"मामा, हे तुमच्या हातानं व्हायला पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

खोक्यात एस्टीज कंपनीच्या 'बिग बर्था' नावाच्या मॉडेल रॉकेटचं किट होतं. हे रॉकेट १९६०च्या दशकापासून चालत आलेलं आहे. तयार झाल्यावर लांबी ६१ सेंटिमीटर, जाडी ४.२ सेंटिमीटर, वजन साठ ग्रॅमच्या आसपास. अंग कागदी नळीचं आणि त्याला मागं चार मोठे, कडांना गोलावलेले पंख. आत एक पातळ प्लॅस्टिकची छत्री, म्हणजे पॅराशूट, दोरा, इलास्टिक, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि पोकळ प्लॅस्टिकचं नाक. बस्स. पॅटर्नच्या धंद्यात ड्रॉइंग बघितल्याबरोबर कळतं की ते काढणारा माणूस शहाणा होता की नाही. हे ड्रॉइंग शहाण्या माणसाचं होतं. एक तुकडा जास्त नाही, एक कमी नाही, आणि शिकाऊ पोरानं हात चालवला तरी जमेल इतकी ढील प्रत्येक ठिकाणी ठेवलेली.

पंखांचं लाकूड बाल्सा. नाव ऐकलेलं होतं, पण हातात पहिल्यांदाच आलं. साग घेतला तर त्याच्या साधारण पाव वजनाचं हे लाकूड. तळहातावर पंख ठेवला आणि डोळे मिटले, तर तिथं काही आहे असं वाटेना. नखानं खूण उठते. पण ग्रेन, म्हणजे लाकडाचे रेषे, बरोबर धरलं तर वाकत नाही. पंखाच्या पुढच्या कडेला समांतर रेषे जातील असेच ते पंख कापलेले होते. उलटे कापले असते तर वाऱ्याच्या पहिल्या दणक्याला मुळातून मोडले असते. आम्हीही पॅटर्नचे नाजूक हात असेच रेषे बघून काढतो, त्यामुळे ते बघून मला फार बरं वाटलं.

भाच्यानं एक गोष्ट मात्र आणली नव्हती, ती म्हणजे मोटर. या रॉकेटच्या शेपटीत अठरा मिलिमीटर जाडीची आणि सत्तर मिलिमीटर लांबीची कागदी कांडी बसते, तिच्यात दारू दाबून भरलेली असते. ती विमानातून नेता येत नाही. कांडीवर बी ६-४ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर एकूण ताकदीचं, त्यापुढचा आकडा सरासरी जोराचा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जोर संपल्यावर किती सेकंदांनी पुढच्या बाजूला छोटा बार होऊन छत्री बाहेर फेकली जाईल ते.

उद्यमनगरात ही गोष्ट एका दिवसात पसरली. दुपारच्या चहाला शेजारचे दोघंतिघं आले आणि लगेच म्हणाले, "मिस्त्री, त्यात काय हाय? नळी आपण करू, दारू दिवाळीच्या बाणातली काढू." मी त्यांना हात जोडले. हा छंद जन्मालाच आला तो असल्या कारभारापायी. पन्नासच्या दशकात अमेरिकेतली पोरं लोखंडी नळ्यांत घरचं मिश्रण ठासून रॉकेटं करायची आणि हातपाय, डोळे गमवायची. काही पोरं जिवानिशी गेली. तेव्हा नेब्रास्का राज्यात नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचा एक बुटांचा दुकानदार होता, त्याला दारूकामाची आवड. १९५४ साली त्यानं कागदाचं आणि बाल्साचं हलकं रॉकेट केलं आणि त्याला वापरून टाकून द्यायची तयार कांडी बसवली. म्हणजे पोरांनी दारूला हात लावायचाच नाही, रॉकेट तेवढं बांधायचं. पुढं हॅरी स्टाइन या रॉकेटवाल्यानं ते उचलून धरलं. व्हर्न एस्टीजनं त्या कांड्या भरायचं यंत्र तयार केलं. त्या यंत्राचं नाव 'मेबल'. यंत्राला बाईमाणसाचं नाव देणारा कारागीर मला एकदम आपल्यातलाच वाटला, आमच्या गल्लीतल्या एका जुन्या लेथलाही 'आक्का' म्हणतात. तर ज्या धोक्यातून पोरं वाचावीत म्हणून हे सगळं झालं, तोच धोका मी कोल्हापुरात परत कशाला करू? रॉकेट बांधायचं, पण दारूला शिवायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मग उडणार कशावर? हवेवर. आणि तिथंच पहिला बदल सुरू झाला.

जुन्या किटात हात घालावा की नाही, यावर मी चार रात्री विचार केला. भाचा म्हणाला होता, तिकडं दोन्ही तऱ्हेचे लोक आहेत. काही जण साठ वर्षांपूर्वीच्या चित्राप्रमाणे शेवटच्या अक्षरापर्यंत तसंच्या तसं करतात, काळं अंग आणि वर पांढरी अक्षरं. काही जण याच तुकड्यांतून लांब, आखूड, तीन मोटरींचं, दोन मजली असं काहीही उभं करतात. मला दोघांचंही पटतं. मी मधला रस्ता काढला, बदल करायचा पण परतीचा दरवाजा उघडा ठेवून. उद्या हे रॉकेट अमेरिकेला गेलं तर खऱ्या मोटरीवर उडालं पाहिजे.

म्हणून मोटर बसते ती मूळची नळी मी सूचनेप्रमाणेच दोन चकत्यांमध्ये पक्की केली. मोटर पुढं सरकू नये म्हणून जी रिंग असते ती आणि मागचा तारेचा हुक तेवढा चिकटवला नाही, पाकिटात जपून ठेवला. मग सोळा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी घेतली, तिच्यावर ट्रेसिंग पेपरचा एक वेढा सुटा दिला आणि त्यावर साध्या तपकिरी कागदाचे वेढे फेव्हिकॉल लावून घट्ट गुंडाळत गेलो, बाहेरून अठराला एक केस कमी होईपर्यंत. वाळल्यावर ती कागदी बाही नळीवरून गुळगुळीत सरकायला लागली. लांबी तेहेतीस सेंटिमीटर. पुढचं तोंड लाकडी बुचानं बंद केलं, मागच्या टोकाला कागदाचंच जाड कडं. ॲल्युमिनियमच्या नळीतून आलेल्या हवेचा दणका बुचावर बसतो, बाही पुढं जायला बघते, कडं मोटरच्या नळीला मागून रेटतं आणि सगळं रॉकेट पुढं जातं. बाही ओढली की बाहेर, खाली मूळ किट जसंच्या तसं.

हवा साठवायला प्लॅस्टिकचा पाइप अजिबात वापरला नाही. पाणी वाहायला तो ठीक, पण दाबलेल्या हवेनं फुटला तर त्याच्या सुऱ्या होतात. दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा दोन फूट तुकडा घेतला, दोन्हीकडं आट्यांची टोपणं लावली, आधी पाणी भरून दहा किलो प्रेशरला तपासून घेतला आणि चालवायचा फक्त तीन किलोवर. सोडायला विजेवर उघडणारा न्यूमॅटिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मोटारसायकलची बॅटरी आणि लांब वायरीवर दारावरच्या बेलचं बटण. हवा भरायला सायकलचा पंप. यातलं काही मला विकत शोधायला लागलं नाही, हे आमच्या गल्लीचं भाग्य.

पंख बसवायला मी माझी सरफेस प्लेट काढली. पुस्तिकेत साधी युक्ती दिलेली आहे, नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, तिला चार घड्या घालायच्या आणि खुणा करायच्या. ती उत्तम चालते. पण घरात व्ही-ब्लॉक आणि हाइट गेज असताना कागदाच्या पट्टीवर माझा जीव बसेना. पंखाच्या बुडाला आणि नळीला पातळ फेव्हिकॉल लावून आधी वाळू दिला, मग दुसरा हात देऊन पंख टेकवला. असं दोनदा केलं की पंख अर्ध्या मिनिटात धरतो आणि हलत नाही.

त्यानंतर जे केलं ते सव्वीस वर्षांच्या सवयीनं केलं. पॅटर्नमध्ये आतला कोपरा कधी धारदार ठेवायचा नाही. तिथं वाळू ढासळते, ओतलेलं लोखंड थंड होताना तडकतं. म्हणून कोपऱ्यात गोलाई भरायची, फिलेट. तशीच मी आठही कोपऱ्यांत गाड्यांना लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि पाच मिलिमीटरची सुरेख फिलेट काढली. नळीवर जिन्यासारखी फिरत जाणारी जोडाची रेघ असते, ती बुजवली. पंखांना सँडिंग सीलरचे चार हात, प्रत्येक हातानंतर चारशे नंबरचा पॉलिश पेपर. बाल्साच्या अंगावरची लव पहिल्या हाताला ताठ उभी राहते, दुसऱ्याला कमी, चौथ्याला पंख शहाबादी फरशीसारखा लागतो. जुलै लागला होता. कोल्हापूरचा पाऊस चालू असताना थिनरचा रंग मारला तर तो पांढरा पडतो. तसा तो पडला. घासून काढला, चार दिवस उघडीप बघून परत मारला. शेपटी इतकी देखणी झाली की येणारा जाणारा तिथंच हात फिरवायचा.

मग तपासणी. रॉकेट सरळ जाण्याचं सगळं गणित दोन बिंदूंत आहे. एक, जिथं ते सुतावर तोललं जातं तो वजनाचा मध्य. दुसरा, जिथं वाऱ्याचा सगळा रेटा एकवटतो तो. वजनाचा मध्य वाऱ्याच्या बिंदूच्या पुढं हवा, निदान नळीच्या एका जाडीइतका. वाऱ्याचा बिंदू कागदावर काढायची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली, ती भाच्यानं मला समजावली. पण हातानं बघायची रीत त्याहून जुनी आहे आणि आपल्या गोफणीसारखीच आहे. तोलाच्या जागी दोरा बांधायचा, अंगावर चिकटपट्टी लावायची आणि डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. नाक पुढं करून ते फिरलं तर बरोबर.

दुकानाच्या मागच्या पडवीत मी फिरवलं. पहिल्या चक्करीला नाक पुढं आलं, दुसरीला आडवं झालं, तिसरीला शेपूट पुढं. दोरा बदलला, जोर वाढवला, तेच. रॉकेट खाली ठेवून मी तराजू काढला. माझ्या त्या सुरेख फिलेटांनी, बुजवलेल्या रेघांनी आणि रंगाच्या थरांनी शेपटीकडं वीस ग्रॅम चढवले होते. साठ ग्रॅमच्या जिवावर वीस ग्रॅम, आणि तेही सगळे मागं.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आमच्या धंद्यात नेहमी वाढवून ठेवतात. लोखंड थंड होऊन आकसतं म्हणून पॅटर्न शेकडा एक भागानं मोठा. मशिनिंगला माल हवा म्हणून आणखी दोनतीन मिलिमीटर. कोपऱ्यात भरून घ्या, कमी पडायला नको. सव्वीस वर्षं मी 'असू दे थोडं जास्त' याच मनानं लाकडाला हात लावला. इथं मात्र प्रत्येक ग्रॅम कुठंतरी उभा असतो आणि आपल्या जागेचा हिशेब मागतो. या जुन्या किटावर लोक इतका जीव का लावतात ते मला त्या रात्री समजलं. ते तुम्हाला वाटेल तो बदल करू देतं. नाही म्हणत नाही. पण त्या बदलाची किंमत तोलाच्या दोऱ्यावर लगेच दाखवतं, आणि ती तुम्ही भरलीत तर तुमच्या बदलासकट उडतं.

किंमत भरली. फिलेट खरवडून दोन मिलिमीटरवर आणली, अर्धी पुट्टी काढून टाकली, सात ग्रॅम उतरले. उरलेला तोल पुढून आणायचा होता. सगळे करतात तसं प्लॅस्टिकच्या नाकात मातीचा गोळा दाबता आला असता. पण मी लाकडातला माणूस. सावंतवाडीच्या चितार आळीत खेळणी करणाऱ्यांकडं पांगाऱ्याचं लाकूड असतं, त्यांची फळं आणि खेळणी त्यातूनही होतात. एका रविवारी तिकडं काम निघालं होतं, येताना आंबोलीच्या घाटातून एक ठोकळा घेऊन आलो.

पांगारा लेथवर धरला की सागासारखी करकर करत नाही. धारदार गाउज, म्हणजे गोल तोंडाची पटाशी, लावली तर चुरा न उडता मऊ, ओलसर वाटणारी ढलपी निघते. बोथट लावली तर रेषे उपटून येतात आणि तोंड खरबरीत होतं. दर पाच मिनिटांनी धार लावत मूळ नाकाच्या मापानं टोक उतरवलं. कॅलिपरनं एकेक सेंटिमीटरवर जाडी बघितली. तयार नाक एकतीस ग्रॅम भरलं. मागून पोकळ करत बावीसवर आणलं. परत पडवीत गेलो, दोरा बांधला, फिरवलं. नाक पुढं आलं आणि पुढंच राहिलं. मी दहाबारा चकरा नुसतं बघत राहिलो. शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला होता, तो म्हणाला, "आता कशी वाटेला लागली बघा."

रंग काळाच ठेवला, जुन्या चित्राचा मान म्हणून. पण अक्षरं मला पाकिटातली चिकटवायची नव्हती. मंगळवार पेठेत एक पेंटर आहेत, सत्तरी ओलांडलेले. फ्लेक्स आल्यापासून हातानं बोर्ड रंगवून घेणारे कमी झाले, तरी ब्रश सुटलेला नाही. त्यांनी रॉकेट मांडीवर घेतलं, नळीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "नाव काय घालायचं?"

बिग बर्था म्हणजे काय ते मी सांगितलं. पहिल्या महायुद्धातल्या ४२ सेंटिमीटर तोंडाच्या जर्मन तोफेलाही हेच नाव होतं आणि आपली ही नळी ४.२ सेंटिमीटरची, हेही सांगितलं.

"मग थोरली म्हणा की," ते म्हणाले. "थोरलीच हाय ती."

गोल अंगावर अक्षर काढताना ते रेघ आखत नाहीत. नळी डाव्या हातानं हळूहळू फिरवायची आणि उजव्या हातातला ब्रश जागच्या जागी ठेवायचा, शिरोरेघ अशी ओढली. तिची दोन टोकं मागच्या बाजूला केसभराच्या अंतरानं समोरासमोर आली. मला पैसे घ्या म्हणून फार आग्रह करावा लागला.

छत्री उघडायची कशी, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. दारूचा बार नाही, म्हणजे नाक ढकलणारं कुणी नाही. बारीक तारेची एक मऊ स्प्रिंग वळून नाकाखाली ठेवली. रॉकेट वेगात असताना समोरचा वारा नाक दाबून धरतो, वेग मंदावला की स्प्रिंग ते सोडवते, असा हिशेब. प्लॅस्टिकच्या घड्या एकमेकीला चिकटू नयेत म्हणून छत्रीवर टाल्कम पावडर भुरभुरली. ही युक्ती या छंदात जुनीच आहे.

जानेवारीत वडणग्याच्या मित्राच्या शेतातला ऊस तुटला. रान मोकळं झालं तसे एका पहाटे आम्ही गेलो. पंचगंगेवरून धुकं आलेलं, पाचट भिजलेलं. मित्राचे वडील काठी टेकत बांधावर येऊन बसले. "आरं, वर जाऊन फुटणार न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं. हवाच आहे म्हटल्यावर त्यांचा जीव खाली पडला.

तीन किलो भरले, सगळ्यांना मागं घेतलं, बटण दाबलं. आवाज टायर फुटल्यासारखा नाही, नारळ फोडल्यासारखा आला, आणि थोरली बांधावरच्या आंब्याच्या वर होती. सरळ. जराही न हेलकावता. वर जाऊन ती थांबल्यासारखी झाली, वळली, आणि नाक खाली करून तशीच आली. छत्री नाही. ओल्या रानात ती नाकावर उतरली आणि तो बद्द आवाज माझ्या छातीत लागला.

पांगाऱ्याला काही झालं नव्हतं. नाकामागची कागदी नळी मात्र घड्या पडून चार बोटं आत गेली होती, आणि त्या घड्यांत 'थो' गेला होता. चूक माझी. नाकाला बाहेरून रंग दिला, पण नळीत शिरणारा त्याचा मागचा गळा कोराच ठेवला होता. धुक्यात लाकडानं पाणी घेतलं, गळा फुगला, नाक नळीत आवळलं, स्प्रिंगचं काही चाललं नाही. लाकूड ओल धरतं हे ज्याच्या पोटापाण्याचं ज्ञान, त्यानं ही चूक करायला नको होती.

चेचलेला भाग चौकात कापून काढला. आत पुठ्ठ्याचा जोड घालून तेवढाच नवा तुकडा बसवला. गळ्याला सीलरचे तीन हात दिले आणि घासून तो थोडा सैल केला. पेंटरांकडं गेलो, तेव्हा त्यांनी सगळं नाव पुसायला नकार दिला. "बाकीची अक्षरं चांगली हाईत की," म्हणाले, आणि नव्या तुकड्यावर 'थो' तेवढा परत काढला. शिरोरेघ जोडावरून अशी नेली की बोटाला जोड लागतो, डोळ्याला लागत नाही.

फेब्रुवारीत दुपारी, ऊन चांगलं तापल्यावर, त्याच रानात आठ उड्डाणं केली. पाच वेळा छत्री नीट उघडली. दोनदा वर जातानाच उघडली, एकदा उघडलीच नाही, पण तेव्हा थोरली खोडव्याच्या मऊ पाल्यात पडली. एकदा वाऱ्यानं ती शेजारच्या उभ्या उसात नेली, आणि मित्राच्या वडिलांनी काठीनं पानं बाजूला करत स्वतः आत जाऊन ती काढून आणली. शिरोरेघेवरचा चिखल त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला.

जूनमध्ये भाचा परत येतोय. जाताना तो थोरलीला घेऊन जाणार, तिकडं तिला खरी मोटर लागेल. बाही मी काढून ठेवली आहे. हुक आणि रिंग ज्या पाकिटात होती, ते पाकीट नळीत सरकवलं आहे आणि नळीवर निळ्या पेन्सिलीनं एक आडवी खूण केली आहे. पाकिटावर लिहिलंय: मोटर, छत्री सगळं भरून झाल्यावर सुतावर तोलून बघ. तोल खुणेवर किंवा खुणेच्या पुढं आला तर उडव. मागं गेला तर उडवू नको, मला फोन कर.